रक्तातली हवा: हृदयशस्त्रक्रियेतील एक संकट आणि त्यावरचे उपाय

रक्तवाहिनीत हवेचा बुडबुडा शिरून पुढे कुठेतरी अडकला आणि त्यामुळे रक्ताची वाट बंद झाली, तर त्या अवस्थेला 'एअर एम्बोलिझम' म्हणतात. वैद्यकाच्या मराठी परिभाषेत एम्बोलिझमला 'अंतर्कीलन' असा शब्द आहे. कील म्हणजे खिळा किंवा पाचर. वाहिनीत आतून पाचर बसावी तसा हा प्रकार असतो. गुठळीची किंवा चरबीची पाचर घट्ट असते. हवेची पाचर लवचीक असते, आकार बदलते, फुटून तिच्या अनेक पाचरी होतात आणि कधी कधी ती आपोआप विरघळूनही जाते. उपचारांची सारी दिशा हवेच्या या स्वभावावरून ठरते.

पुण्याच्या नारायण पेठेतल्या जुन्या वाड्यांना हवेचा हा गुण चांगला ठाऊक आहे. दुरुस्तीसाठी गुरुवारी पर्वती जलकेंद्राचा पुरवठा बंद राहतो. शुक्रवारी नळ सोडला की आधी फुसफुस हवा येते, मग गढूळ धार. कधी खालच्या मजल्यावर पाणी असते आणि वरच्या मजल्यावर एक थेंब चढत नाही. पाइपात पाणी आहे, मागून दाबही आहे, पण मधल्या वळणावर हवा धरलेली असते. पाणी दाबले तर ते पुढे सरकते, हवा दाबली तर ती नुसती आकसते. प्लंबर अशा वेळी दोन गोष्टी करतो. सगळ्यात उंचावरचा नळ उघडून हवेला वाट देतो, नाहीतर उलट्या टोकाने पाणी सोडून हवा मागे ढकलतो. हृदयशस्त्रक्रियेत हवेचे संकट आले तर शल्यचिकित्सकही मुख्यतः याच दोन गोष्टी करतो. फरक वेळेचा आहे. पाइप तासभर थांबू शकतो. मेंदूला नेहमीच्या तापमानात रक्ताशिवाय जेमतेम चार-पाच मिनिटे मिळतात.

हवा शिरेत शिरली की धमनीत, यावर तिची घातकता अवलंबून असते. शिरेतली हवा हृदयाच्या उजव्या बाजूने फुप्फुसांत जाते. तिथल्या केशवाहिन्या तिला गाळून घेतात आणि थोडी हवा श्वासावाटे निघूनही जाते. प्रौढ माणसात शिरेवाटे एकदम 200 ते 300 मिलिलिटर हवा गेली तर हृदयाच्या उजव्या बाजूत फेस होतो, पंप रिकामाच फिरू लागतो आणि मृत्यू ओढवू शकतो. सलाईनच्या नळीत दिसणाऱ्या एखाद्या बारीक बुडबुड्याने नातेवाइकांच्या काळजाचा ठोका चुकतो, पण एवढ्याशा हवेने सहसा काही बिघडत नाही. धमनीकडची गोष्ट मात्र वेगळी आहे. तिथे गाळणी नाही. डाव्या बाजूने निघालेली हवा थेट मेंदूत किंवा हृदयाच्याच स्नायूंना रक्त पुरवणाऱ्या करोनरी धमन्यांत जाते. करोनरी धमनीत अर्धा ते एक मिलिलिटर हवा गेली तरी हृदयाची लय बिघडू शकते.

बुडबुडा वाट अडवतो, हे पहिले नुकसान. दुसरे त्यामागून येते. धमनीच्या आतल्या नाजूक अस्तराला बुडबुडा खरवडतो. रक्तातल्या बिंबिका आणि पांढऱ्या पेशी त्याच्या पृष्ठभागावर चिकटतात, गोठण्याची क्रिया सुरू होते, अस्तर सुजते. म्हणूनच बुडबुडा विरघळला तरी काही तासांनी मेंदूचा तो भाग पुन्हा रक्ताला पारखा होऊ शकतो. 'हवा निघून गेली, आता धोका नाही' असे मानणे यामुळेच चुकीचे ठरते.

हृदयशस्त्रक्रियेत हवेला शिरायला वाटा तरी किती! झडप बदलायची किंवा पडद्यातले छिद्र बुजवायचे तर हृदयाचे कप्पे उघडावे लागतात, आणि उघडलेल्या कप्प्यात खोलीतली हवा भरणारच. दुसरी वाट हार्ट-लंग मशीनची. 6 मे 1953 रोजी फिलाडेल्फियात जॉन गिबन यांनी अशा यंत्राच्या आधारे एका तरुणीच्या हृदयातले छिद्र बंद केले आणि उघड्या हृदयावरच्या शस्त्रक्रियांचे युग सुरू झाले. दोनच वर्षांनी मिनेसोटात रिचर्ड डिवॉल आणि वॉल्टन लिलेहाय यांनी एक सोपे, स्वस्त ऑक्सिजनेटर तयार केले. त्यात रक्तातून प्राणवायूचे बुडबुडे सोडत आणि नंतर फेस मोडणाऱ्या रसायनाचा लेप व पिळदार नळी यांच्या साह्याने ते बुडबुडे काढून टाकत. म्हणजे ज्या बुडबुड्याची एवढी भीती, त्याच्याच खांद्यावर ही शल्यशाखा वाढली. पुढे बारीक पडद्यातून वायूंची देवाणघेवाण करणारी ऑक्सिजनेटर आली आणि रक्त व वायू यांचा थेट संबंध तुटला. महाराष्ट्रात या शाखेचे मोठे केंद्र मुंबईचे केईएम रुग्णालय. तिथेच फेब्रुवारी 1968 मध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांच्या चमूने भारतातले पहिले हृदयरोपण केले. पुण्यात सैन्यदलांची 'आर्मी इन्स्टिट्यूट ऑफ कार्डिओ थोरॅसिक सायन्सेस' ही याच कामासाठीची संस्था आहे, आणि शहरातल्या अनेक खासगी रुग्णालयांत बायपास आणि झडपांच्या शस्त्रक्रिया नित्य होतात.

यंत्रात शिरेकडून येणारे रक्त एका टाकीत जमते. तिथून पंप ते ऑक्सिजनेटरमधून ढकलतो आणि महाधमनीत बसवलेल्या कॅन्युलातून शरीरात पाठवतो. प्रौढ माणसासाठी हा प्रवाह मिनिटाला चार ते पाच लिटर असतो. टाकीत अर्धा लिटर रक्त उरले आणि शिरेकडून येणारी नळी मुडपली, तर पाच लिटरच्या वेगाने ती टाकी 6 सेकंदांत रिकामी होते. रोलर पंप नळी पिळत राहतो. आत रक्त आहे की हवा, याची त्याला जाण नसते. सेंट्रिफ्यूगल पंपात मोठा हवेचा गोळा आला तर तो विहिरीवरच्या मोटारीसारखा हवा धरतो आणि प्रवाह थांबतो, पण बारीक बुडबुडे त्यातूनही पुढे जातात. याशिवाय हृदयातले रक्त उपसून घेणारी 'व्हेंट'ची नळी पंपात उलटी बसली, तर ती उपसण्याऐवजी हृदयात हवा भरू लागते. ऑक्सिजनेटर बदलताना जोड सैल राहणे, बंद टाकीत दाब साठणे, कप्पा उघडा असतानाच हृदयाने अवेळी ठोका देणे, हीही कारणे नोंदलेली आहेत. बहुतेक कारणे साधी आहेत. यंत्राच्या बिघाडापेक्षा लक्ष क्षणभर दुसरीकडे वळल्याने हा अपघात जास्त घडतो.

त्यामुळे प्रतिबंधावर सर्वाधिक भर असतो, आणि तो योग्यच आहे. टाकीतली पातळी उतरली की इशारा देणारा सेन्सर, नळीवर बसवलेला अल्ट्रासाउंडचा बुडबुडा-शोधक, धमनीकडच्या नळीत साधारण 40 मायक्रॉनची गाळणी, व्हेंटच्या नळीत एकाच दिशेने उघडणारी झडप अशी पहारेकऱ्यांची रांगच यंत्रात असते. व्हेंट हृदयात घालण्याआधी तिचे टोक वाटीतल्या पाण्यात बुडवून बघायची जुनी रीत आहे. पाणी ओढले गेले तर दिशा बरोबर, बुडबुडे आले तर उलटी. सायकलच्या ट्यूबचे पंक्चर शोधण्याइतकी ही साधी चाचणी कुठल्याही महागड्या सेन्सरइतकीच मोलाची आहे.

कप्पे उघडे असताना शस्त्रक्रियेच्या जागेवर कार्बन डायऑक्साइड सोडतात. हा वायू हवेपेक्षा दीडपट जड असल्यामुळे खोलगट जागेत साचून राहतो आणि हवेला बाहेर ढकलतो. शिवाय रक्तात तो नायट्रोजनच्या 25 पटींहून अधिक विरघळतो, त्यामुळे त्याचा बुडबुडा राहिलाच तरी लवकर नाहीसा होतो. शेवटी हृदय बंद करताना 'डी-एअरिंग' करतात. भूलतज्ज्ञ फुप्फुसे फुगवतो, त्यामुळे फुप्फुसशिरांत दडलेली हवा रक्ताबरोबर डाव्या कप्प्यांत उतरते. शल्यचिकित्सक हृदय हलकेच हलवतो, टोक उचलतो आणि महाधमनीच्या सर्वांत उंच भागात टोचलेल्या सुईवाटे हवा काढून घेतो. उंचावरचा नळ उघडण्याचाच हा प्रकार. अन्ननलिकेत ठेवलेल्या इकोच्या पडद्यावर बुडबुडे पांढऱ्या ठिपक्यांसारखे चमकतात. ते दिसेनासे होईपर्यंत सुई काढायची नाही, हा शिरस्ता.

एवढे करूनही कधी धमनीकडच्या पारदर्शक नळीत हवा दिसते. मोठ्या प्रमाणात हवा महाधमनीत गेली तर काय करायचे, याचा क्रम नोएल मिल्स आणि जॉन ऑक्सनर या अमेरिकी शल्यचिकित्सकांनी 1980 मध्ये सविस्तर मांडला. तपशील बदलत गेले तरी त्याचा गाभा आजही तोच आहे.

पहिले काम पर्फ्युजनिस्टचे, म्हणजे हार्ट-लंग मशीन चालवणाऱ्या तंत्रज्ञाचे. त्याने पंप थांबवून मोठ्याने तसे सांगायचे आणि धमनी व शीर या दोन्हींकडच्या नळ्या क्लॅम्प करायच्या. कोणाचे चुकले हे विचारायची ही वेळ नव्हे. त्याच क्षणी भूलतज्ज्ञ टेबल डोक्याकडे खाली झुकवतो. हवा वर चढते, म्हणून डोके खाली आणि छाती वर. मानेतल्या धमन्या काही सेकंद दाबून धरायलाही सांगितले जाते. दिला जाणारा वायू शंभर टक्के प्राणवायू करायचा. नायट्रस ऑक्साइड सुरू असेल तर ताबडतोब बंद, कारण तो नायट्रोजनपेक्षा सुमारे 34 पट अधिक विद्राव्य असतो, बुडबुड्यात शिरतो आणि बुडबुडा फुगवतो. दरम्यान शल्यचिकित्सक महाधमनीतला कॅन्युला काढतो. त्या छिद्रातून रक्ताबरोबर हवा बाहेर पडू देतात. यंत्राच्या नळ्या पुन्हा रक्ताने भरून हवाविरहित केल्या जातात.

यानंतरची पायरी या उपचारातली सर्वांत बुद्धिमान. धमनीकडची नळी महाधमनीत न लावता वरच्या महाशिरेत लावतात आणि थंड रक्त, साधारण 20 ते 24 अंश सेल्सियसचे, मिनिटाला एक ते दोन लिटर वेगाने उलट दिशेने मेंदूकडे सोडतात. रक्त शिरांतून मेंदूच्या केशवाहिन्यांत जाते आणि तिथून धमन्यांत, म्हणजे नेहमीच्या वाटेच्या बरोबर उलटे. अडकलेले बुडबुडे मागे ढकलले जातात आणि महाधमनीच्या छिद्रातून फेसासारखे बाहेर येतात. उलट्या टोकाने पाणी सोडणाऱ्या प्लंबरची युक्ती ती हीच. बुडबुडे यायचे थांबेपर्यंत, साधारण एक-दोन मिनिटे, हे चालते. दाब जास्त झाला तर मेंदूला सूज येते, म्हणून शिरेतल्या दाबावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावे लागते.

मग कॅन्युला जागेवर बसवून सरळ दिशेचा प्रवाह पुन्हा सुरू करतात आणि शरीर सुमारे 20 अंशांपर्यंत गार करून पाऊण तासाच्या आसपास तसेच ठेवतात. थंडीचे फायदे दोन. मेंदूची प्राणवायूची गरज कमी होते आणि थंड द्रवात वायू अधिक विरघळतो. उन्हाळ्यात फ्रीजबाहेर ठेवलेल्या सोड्याला फेस येतो, त्याचे कारणही हेच. म्हणून परत ऊब देताना घाई करायची नसते. एकदम तापवले तर विरघळलेला वायू पुन्हा बुडबुड्यांच्या रूपात बाहेर येतो. रक्तदाब नेहमीपेक्षा थोडा चढा ठेवतात, म्हणजे उरलेसुरले बुडबुडे रेटून पुढे निघून जातात. स्टेरॉइड आणि बार्बिट्युरेट ही औषधे पूर्वी सर्रास देत. त्यांचा उपयोग आज वादग्रस्त आहे.

करोनरी धमनीत गेलेली हवा वेगळ्या रूपात समोर येते. रुग्ण उताणा असतो आणि उजव्या करोनरी धमनीचे तोंड महाधमनीच्या पुढच्या, म्हणजे वरच्या बाजूला असते. त्यामुळे उरलेली हवा बहुधा तिच्यात शिरते. उजवा कप्पा फुगतो, निस्तेज होतो, ईसीजीत बदल दिसतात. कधी धमनीत हवेचे मणी सरकतानाही दिसतात. अशा वेळी रक्तदाब वाढवून, यंत्राचा आधार काही मिनिटे लांबवून वाट पाहिली की हे मणी बहुतेकदा पुढे निघून जातात आणि हृदय सावरते. अनुभवी हात इथे घाई करत नाहीत.

शस्त्रक्रिया संपल्यावर खरी अडचण ओळखण्याची असते. रुग्ण भुलीखाली असतो. हवेचा झटका ऑपरेशन थिएटरात नळीत दिसला नसेल, तर संशय येतो तो रुग्ण वेळेत शुद्धीवर न आल्यावर, फिट आल्यावर किंवा एक बाजू लुळी पडल्यावर. सीटी स्कॅनमध्ये हवा दिसली तर निदान पक्के, पण न दिसल्याने ते खोटे ठरत नाही, कारण तोवर बुडबुडे विरघळून मागे फक्त इजा उरलेली असू शकते.

या टप्प्यावर हायपरबेरिक ऑक्सिजनचा, म्हणजे दाबाच्या बंद कक्षात शुद्ध प्राणवायू देण्याचा उपचार पुढे येतो. त्याची मुळे समुद्रात आहेत. तारकर्लीच्या समुद्रात उतरणाऱ्या पाणबुड्यांना पहिल्या दिवशी शिकवतात की वर येताना श्वास रोखायचा नाही. रोखला तर बाहेरचा दाब कमी होताना छातीतली हवा फुगते, फुप्फुस फाटते आणि हवा धमनीत शिरते. त्यासाठी अमेरिकी नौदलाने आखलेले 'टेबल 6' हे वेळापत्रक हृदयशस्त्रक्रियेतल्या अपघातालाही वापरतात. दाब 2.8 वातावरण, म्हणजे 18 मीटर खोल पाण्यातल्याइतका. शुद्ध प्राणवायूचे 20-20 मिनिटांचे टप्पे, प्रत्येकानंतर साध्या हवेचे 5 मिनिटांचे अंतर, मग दाब हळूहळू 9 मीटरपर्यंत उतरवून लांब टप्पे. सगळे मिळून 4 तास 45 मिनिटे. मधली अंतरे ठेवली नाहीत तर दाबाखालचा प्राणवायूच फिट आणतो.

हृदयशल्यचिकित्सेशी या कक्षाचे नाते जुने आहे. ॲम्स्टरडॅमचे शल्यचिकित्सक इटे बुरेमा यांनी मोठ्या दाबकक्षात शस्त्रक्रिया केल्या. 1960 मध्ये त्यांनी दाखवले की दाबाखाली डुकरांच्या रक्तातल्या जवळजवळ सगळ्या तांबड्या पेशी काढल्या तरी नुसत्या विरघळलेल्या प्राणवायूवर ती जगतात. बुडबुड्यामागे पडलेल्या मेंदूच्या भागाला नेमका असाच आधार हवा असतो. शिवाय शुद्ध प्राणवायू श्वासात असला की रक्तातला नायट्रोजन संपतो आणि बुडबुड्यातला नायट्रोजन बाहेर झिरपू लागतो. तिसरे काम बॉइलच्या नियमाचे. पुण्याच्या हवेत 1 मिलिलिटर असलेला बुडबुडा 2.8 वातावरण दाबाखाली सुमारे एक तृतीयांश उरतो. नळीसारख्या वाहिनीत तो लांबीने आखडतो, त्याची भिंतीवरची पकड सुटते आणि रक्त त्याला पुढे लोटू शकते.

माणसांवर या उपचाराच्या तुलनात्मक चाचण्या नाहीत. निम्म्या रुग्णांना मुद्दाम वंचित ठेवणे कोणाला पटणार? पुरावा आहे तो भौतिकीचा, प्राण्यांवरच्या प्रयोगांचा आणि रुग्णांच्या नोंदींचा. सहा तासांच्या आत सुरू केला तर लाभाची शक्यता अधिक. उशीर झाला म्हणून आशा सोडावी असेही नाही, कारण सुजलेल्या अस्तरावर प्राणवायू पुढेही काम करतो.

कक्ष जवळ नसेल तर प्रवासाचा प्रश्न येतो, आणि इथे भूगोलाला महत्त्व येते. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे 560 मीटर उंचीवर आहे, मुंबई समुद्रकाठी. नौदलाच्या वैद्यकीय विद्येचे केंद्र कुलाब्याच्या 'अश्विनी' रुग्णालयाच्या आवारात आहे, पुण्याच्या लकडी पुलापासून दीडशे किलोमीटरच्या आसपास. हा रस्ता लोणावळ्यापर्यंत जेमतेम साठेक मीटर चढतो आणि खंडाळ्याचा घाट उतरून खाली येतो. उतरताना हवेचा दाब वाढतो आणि बुडबुडा 6 ते 7 टक्क्यांनी आकसतो. फायदा छोटा आहे, पण दिशा योग्य आहे. हाच रुग्ण विमानाने नेला आणि केबिनमधला दाब 2,400 मीटर उंचीइतका ठेवला, तर पुण्यातला बुडबुडा पावपटीने फुगेल. म्हणून हवाई वाहतूक करायचीच तर हेलिकॉप्टर शक्य तितके खालून नेतात किंवा केबिनमधला दाब समुद्रसपाटीइतका ठेवणारे विमान मागवतात. महाबळेश्वरासारखी उंची लागणारा रस्ता टाळायचा, हे रुग्णवाहिकेच्या चालकालाही सांगून ठेवलेले बरे. वाटेत घट्ट बसणाऱ्या मास्कमधून किंवा श्वासनळीतल्या नळीतून शंभर टक्के प्राणवायू चालू राहायला हवा. तोही उपचारच आहे. सिलिंडर किती पुरतील याचा हिशेब निघण्याआधी करायचा, घाटात अडकल्यावर नव्हे.

ताज्या हृदयशस्त्रक्रियेचा रुग्ण दाबकक्षात नेणे सोपे नसते. श्वासनळीतल्या नळीचा फुगा हवेने भरलेला असतो. दाब वाढला की तोही आकसतो आणि गळती सुरू होते, म्हणून त्यात हवेऐवजी पाणी भरतात. छातीत हवा साठली नाही ना, हे एक्स-रेवर आधी बघतात. ती असेल आणि निचऱ्याची नळी नसेल, तर दाब उतरवताना ती फुगून फुप्फुस दाबून टाकते. भरपूर प्राणवायूमुळे ठिणगीला जागा मिळता कामा नये, म्हणून आत सुती कपडे, तेल-मलम वर्ज्य, मोबाइल बाहेर. औषधांचे पंप आणि व्हेंटिलेटर दाबाखाली चालतील असेच लागतात. एकट्या रुग्णापुरत्या नळकांड्यासारख्या कक्षात डॉक्टर शेजारी बसू शकत नाही. अस्थिर रुग्णासाठी परिचारिका आणि डॉक्टर बरोबर राहू शकतील असा मोठा कक्ष हवा. एका सत्राने सुधारणा दिसली तर पुढच्या दिवसांत सत्रे पुन्हा देतात आणि सुधारणा थांबली की थांबवतात.

त्यानंतरची वाट अतिदक्षता विभागातली. ताप येऊ द्यायचा नाही, रक्तातली साखर ताळ्यावर ठेवायची, फिट आल्या तर लगेच आवरायच्या, रक्तदाब पडू द्यायचा नाही. काही दिवसांनी एमआरआय केल्यावर इजा नेमकी कुठे झाली ते कळते आणि फिजिओथेरपी व वाचा-उपचार त्यानुसार आखतात. नातेवाइकांना घडलेली गोष्ट पहिल्याच दिवशी, साध्या शब्दांत सांगितली पाहिजे. शस्त्रक्रिया विभागात यंत्राची नळीसह सगळी मांडणी जशीच्या तशी ठेवून तपासतात, घटनेची मिनिटवार नोंद करतात. पंप थांबवण्यापासून उलट्या प्रवाहापर्यंतच्या क्रमाची तालीम सगळा चमू पुन्हा करतो, कारण हा प्रसंग एखाद्या शल्यचिकित्सकाच्या आयुष्यात एक-दोनदाच येतो आणि तेव्हा पुस्तक उघडायला सवड नसते.